रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतं

रक्त तपासून झालं, लघवी झाली, थायरॉइड झालं, अकोल्याला जाऊन सोनोग्राफीही झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी पाठ दुखायची थांबत नाही, हातपाय गळून जातात, रात्री दोनला उघडलेला डोळा पहाटेपर्यंत लागत नाही आणि मधूनच छातीत धडधडतं. बार्शीटाकळी तालुक्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात सकाळची ओपीडी चालू असताना तासभर बाकावर बसा. केसपेपर हातात धरलेला असा एक तरी पेशंट भेटेल. बऱ्याचदा ती बाई असते, पस्तीस-चाळिशीची. टेबलाशी आल्यावर ती फार काही सांगत नाही.

"साहेब, कमजोरी लय आली. एखादी सलाईन लावून द्या."

मागे रांग असते. डॉक्टर बीपी पाहतात, पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघतात, लोहाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून देतात. सलाईन इथे नाही लागली, तर बाहेर खासगीत लागते. पाच टक्के ग्लुकोजच्या त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. तेवढ्यातून शंभरेक कॅलरी मिळतात. ज्वारीच्या एका भाकरीचं पारडं याहून जड. मग तरतरी येते ती कशानं? तास-दीड तास खाटेवर पडून राहायला मिळालं, कोणी काम सांगितलं नाही, सिस्टरनं येता-जाता दोनदा विचारलं. माझ्या मते गुण आला तो याचा. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा त्याच बाकावर.

दुखतंय हे खरं आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत हेही खरं. मग बिघडलंय काय?

दुखणं खोटं नसतं

शरीराकडून येणारी वेदनेची खबर मेंदू जशीच्या तशी घेत नाही. पाठीतून, गुडघ्यातून निघालेले संदेश मज्जारज्जूत पोचले की मेंदूकडून खाली उतरणारे काही मज्जातंतू त्यांची तीव्रता कमी-जास्त करतात. या कामाला सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं लागतात. झोप, भूक आणि मनाची उभारी यांच्या कारभारातही हीच रसायनं असतात. नैराश्याचा आजार जडला की वेदना दाबून धरणारी ही व्यवस्था ढिली पडते. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची पाठ एरवीही दुखतेच. आता तीच पाठ सहन होईनाशी होते.

चिंतेची वाट थोडी वेगळी आहे. संकट समोर आलं की ॲड्रेनॅलिन सुटतं, काळीज जोरात चालतं, श्वास वाढतो, आतडी आवळतात. साप दिसल्यावर हे सगळं उपयोगी पडतं, कारण दोन मिनिटांत तुम्ही पळालेले असता. पण पीककर्जाचा हप्ता, पडलेला सोयाबीनचा भाव किंवा दारू पिऊन येणारा नवरा यांच्यापासून पळून जाता येत नाही. शरीर महिनोन्महिने पळायच्या तयारीत राहतं. छातीत धडधड, पोटात गोळा, तळहाताला घाम. ईसीजी काढला तर तो चांगलाच येणार, कारण काळजाला काही झालेलंच नसतं.

यात झोप मोडली की आणखी भर पडते. अपुऱ्या झोपेनं वेदना जास्त जाणवते आणि वेदनेनं झोप मोडते. हा फेरा एकदा चालू झाला की आपोआप थांबत नाही.

म्हणूनच "तुमचं मानसिक आहे" हे वाक्य फार घात करतं. डॉक्टरला म्हणायचं असतं एक, ऐकणारीला ऐकू येतं "तू ढोंग करतेस", आणि सोबत आलेल्या सासूला ऐकू येतं "हिला काहीच झालं नाही". ती बाई पुन्हा मनातलं बोलत नाही, अंगातलंच बोलते.

अर्थात उलट चूकही करू नये. थकवा रक्त कमी असल्यानं येतो, थायरॉइडनं येतो, साखर वाढल्यानं येतो. या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. हिमोग्लोबिन आठ निघालं म्हणजे मन ठीक आहे असं सिद्ध होत नाही.

जायचं कुठं?

बार्शीटाकळीहून अकोला वीसेक किलोमीटर. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. पण पिंजर-महानकडच्या आतल्या खेड्यातून निघायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि घरी-दारी सांगायचं काय? मनोरुग्णालय म्हणाल तर राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं मुळात चार: येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर. आपल्याला जवळचं नागपूर, तेही अडीचशे किलोमीटरवर. शिवाय 'कमजोरी' असलेल्या बाईला मनोरुग्णालयाची गरजच नसते.

मग लोक बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला जातात. होळीच्या सुमारास तिथे भरणाऱ्या यात्रेला साऱ्या वऱ्हाडातून, मराठवाड्यातून माणसं लोटतात, त्यांत मनाच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ. त्यांना हसण्यात अर्थ नाही. तिथे घरचे चार जण सोबत येतात, दुखणं खरं मानलं जातं, आणि "हिला काही झालं नाही" असं कोणी म्हणत नाही. सरकारी ओपीडीत या तीन गोष्टी मिळतातच असं नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यातच मानसोपचाराची ओपीडी चालू झाली. दुवा मागून झाली की दवाही घ्यायची, असा तो कार्यक्रम 'दवा-दुआ' नावानंच ओळखला जातो. विरोध आहे तो काही ठिकाणी रुग्णाला बांधून ठेवणाऱ्या साखळीला. 2001 साली तामिळनाडूत एरवाडी इथे लागलेल्या आगीत साखळदंडानं बांधलेले 28 रुग्ण होरपळून मेले. माणसाला साखळीनं बांधणं आता कायद्यानं गुन्हा आहे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं, की देशातल्या दहातल्या एका प्रौढाला त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि नैराश्य-चिंतेसारख्या नेहमी आढळणाऱ्या आजारांत शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना उपचार मिळत नव्हते. देशात लाख लोकांमागे धड एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि आहेत तेही शहरांत. उद्यापासून कॉलेजं दुप्पट केली तरी एका पिढीत हा हिशेब जुळायचा नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर हे पंच्याऐंशी जण कुठे लपलेले नाहीत. केसपेपर काढून ते आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेले आहेत.

ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात येऊन पन्नास वर्षं झाली. 1975 च्या सुमारास चंदीगडच्या डॉक्टरांनी हरियाणातल्या रायपूर राणीला आणि बंगळुरूच्या 'निम्हान्स'नं जवळच्या साकलवाडा गावात, साध्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मनाचे आजार ओळखायला शिकवून पाहिलं. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 1985 पासून कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात अख्ख्या जिल्ह्यावर प्रयोग झाला आणि त्याच धर्तीवर 1996 मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. कागद कधीच कमी नव्हते.

फॉर्मच्या शेवटी छापलेले दोन प्रश्न

गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आशाताईला भरावा लागतो. त्याला सगळे 'सी-बॅक' म्हणतात. बीपी, शुगर, कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून तो आहे. त्यात तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबर किती, तोंडात चट्टा आहे का, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, असं सगळं विचारून झालं की शेवटी दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला, असं किती वेळा झालं? आणि उदास, निराश, हताश वाटलं, असं किती वेळा? उत्तरं चार: मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. दोन्हींची बेरीज तीनच्या पुढे गेली की त्या माणसाला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं.

म्हणजे मनाची चौकशी गावात पोचलेली आहे, छापील आहे. पण ती होते कशी ते पाहू.

अंगणात खाट, खाटेवर सासू तूर निवडत बसलेली. सून दारात उभी. आशाताईनं टेप काढून कंबर मोजली, चुलीचं विचारलं. ऊन चढलंय, अजून चार घरं बाकी आहेत. "उदास-बिदास वाटते का वं?" सुनेनं सासूकडे पाहिलं. "नाही बाई, कायचं उदास." दोन शून्यं पडली. फॉर्म पूर्ण.

अनुभवी आशा हेच काम दुसऱ्या तऱ्हेनं करते. ती फॉर्म पिशवीत घालते आणि पाणी मागते. सून आत गेली की मागोमाग आत जाते. "झोप कशी हाये तुही?" झोपेचं सांगायला कोणाला लाज वाटत नाही. झोपेवरून भुकेवर, भुकेवरून कामावर. "कामाले हात लागत नाही वाटते आजकाल?" मग बाई चुलीकडे पाहत बोलायला लागते: "काही करमतच नाही ताई. लेकरू रडते तरी उठावं वाटत नाही." छापील प्रश्नाचं हे पुरेपूर उत्तर आहे. फॉर्मवर एकाच जागी दोन बायकांच्या हातून शून्यही पडू शकतं आणि सहाही. हे कौशल्य दोन तासांच्या ट्रेनिंगमध्ये येत नाही, आणि फॉर्म भरण्याचे पैसे मिळतात ते फॉर्ममागे. आत जाऊन अर्धा तास बसण्याचे नव्हेत.

पुढची पायरी कोणाची?

संशय आला की उपकेंद्रात किंवा केंद्रात नऊ प्रश्नांची मोठी प्रश्नावली घेतात. तिच्यात झोप, थकवा, भूक, एकाग्रता, स्वतःला दोष देणं, हालचाल मंदावणं आणि शेवटी मरणाचे विचार, असं सगळं येतं. गुण शून्य ते 27. साधारण दहाच्या पुढे गेलं की उपचाराचा विचार करायचा, वीसच्या पुढे आजार तीव्र. ही रक्ताच्या रिपोर्टसारखी पक्की तपासणी नव्हे. नवरा वारून आठवडा झालेल्या बाईचे गुण जास्तच येतील, आणि तिला आजार झालाय असं म्हणणं चूक ठरेल. आकडा बघून माणसाकडे बघायचं असतं.

यापुढची वाटणी साधी आहे. ज्यांचा त्रास सौम्य आहे, त्यांना धीर, माहिती आणि काही बैठकांचं बोलणं पुरतं. मध्यम आणि तीव्र नैराश्य असलेल्यांना वैद्यकीय अधिकारी गोळी सुरू करू शकतात. त्यासाठी एमबीबीएस पुरेसं आहे. ज्यांना भास होतात, कोणी मारायला टपलंय असं ठाम वाटतं, जे झोपेशिवाय अखंड बोलत-फिरत सुटतात, ज्यांना झटके येतात, जीव द्यायचं ज्यांच्या मनानं घेतलंय, किंवा दोन महिन्यांत ज्यांना काहीच फरक नाही, त्यांना अकोल्याला. तज्ज्ञानं निदान करून औषध बसवून दिलं, की पुढची दरमहाची गोळी पुन्हा गावाजवळ मिळाली पाहिजे. असं झालं तरच मानसोपचारतज्ज्ञाचा वेळ ज्याला खरोखर हवा त्याच्यासाठी उरतो.

मोटारीत आधी पाणी भरावं लागतं

'बोलून काय होणार?' ही शंका रास्त आहे. नुसतं 'टेन्शन घेऊ नका' म्हणून खरंच काही होत नाही. उपयोग होतो तो ठरावीक पद्धतीनं बोलण्याचा. त्यातली सगळ्यांत सोपी आणि खेड्यात चालणारी पद्धत म्हणजे माणसाला पुन्हा हालतं करणं.

विहिरीवरच्या मोटारीनं पाणी सोडलं की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाइपात हवा शिरते, मोटार नुसतीच फिरते, पाणी वर येत नाही. कितीही वेळ चालू ठेवली तरी येत नाही. आपण बंद करतो, वरून बादलीनं पाणी ओततो, पाइप भरला की चालू करतो. मग ती खालचं पाणी ओढू लागते. नैराश्यात मनाचं असंच होतं. माणूस म्हणतो, बरं वाटलं की उठेन, शेतात जाईन, भजनाला जाईन. पण काहीच न केल्यानं आनंदाचा, कौतुकाचा, चार माणसांत मिसळण्याचा एकही थेंब आत जात नाही, म्हणून बरं वाटत नाही, म्हणून आणखी काही करावंसं वाटत नाही. समुपदेशक हा क्रम उलटा करतो. वाटण्याची वाट बघू नका, आधी एक छोटं काम करा, वाटणं मागून येईल.

प्रत्यक्षात हे फार किरकोळ दिसतं. पहिल्या आठवड्यात ठरतं, की सकाळी अंघोळ करून दारातल्या तुळशीला पाणी घालायचं, आणि दोन दिवसांतून एकदा शेजारणीकडे दहा मिनिटं बसायचं. ते झालं की नाही ते वहीत मांडायचं, केल्यावर कसं वाटलं तेही मांडायचं. पुढच्या भेटीत काय अडलं ते पाहायचं. शेजारणीकडे जायला सासूची आडकाठी असेल, तर सासूशीही बोलायचं. सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या.

गोव्यात 'संगात' ही संस्था 1996 पासून आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच पद्धत तपासून पाहिली. समुपदेशक होते मानसशास्त्राची पदवी नसलेले, गावातलेच, काही आठवडे शिकवून तयार केलेले. रुग्ण होते बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे. तीन महिन्यांनी ज्यांना अशा बैठका मिळाल्या त्यांतले 64 टक्के आजारातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांतले 39 टक्के. 2017 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. याच गटाच्या आधीच्या प्रयोगात समुपदेशकांचा फायदा सरकारी केंद्रांत दिसला, खासगी दवाखान्यांत फारसा दिसला नाही. सरकारी केंद्राला नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ती 'झोपेची गोळी' नव्हे

गावात मनाच्या प्रत्येक औषधाला झोपेची गोळी म्हणतात आणि इथेच निम्मा उपचार बुडतो. अल्प्राझोलम, डायझेपामसारख्या गोळ्यांनी त्याच रात्री झोप येते, आणि काही आठवडे घेतल्या तर त्यांची सवयही लागते. त्या मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळता कामा नयेत. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम यांसारख्या गोळ्यांची जात वेगळी. त्यांची तशी लत लागत नाही. पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो: मळमळ, डोकं जड, थोडी बेचैनी. म्हणजे आधी तोटा, मग नफा. हे कोणी आधी सांगितलं नाही, तर दहाव्या दिवशी गोळ्या फडताळात जातात आणि "सरकारी गोळीनं गुण येत नाही" असं गावात पसरतं.

दुसरी गफलत उलट टोकाला होते. दीड महिन्यात बरं वाटलं, गोळी बंद. आजार पुन्हा उलटू नये म्हणून बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते आणि मग डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागते. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड असा त्रास होतो. बीपीच्या गोळीबद्दल हे सगळ्यांना पटतं.

चौकट: जीव नकोसा झालाय का, हे विचारावं का?

विचारावं, आणि सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर येतो, आणि बहुतेकांना विचारल्यानं हलकं वाटतं. होकार आला तर त्या माणसाला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्याव्यात. पोलिसांची भीती घालू नये: मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम 309 राहिलेलं नाही. 'टेली-मानस' या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक 14416. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. रुग्णासाठी घरच्यांनी लावला तरी चालतो.

अमरावतीत जमलं, सीहोरला का नाही?

हे सगळं आपल्या मातीत होतं का, याचं उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात आहे. शेतकरी आत्महत्यांनी वऱ्हाड हादरलेला असताना डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी टाटा ट्रस्टच्या मदतीनं अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' हा प्रकल्प चालवला. गावागावांत आरोग्य कार्यकर्ते नेमले. ते छोट्या गटांत बसून मनाच्या आजाराबद्दल बोलत, घरोघर जात, अडचणीत असलेल्या माणसाला धीर देत. त्यांच्या वर समुपदेशक आणि त्यांच्या वर मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला पाहणी केली तेव्हा नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चौघांनी (4.3 टक्के) कुठे उपचार घेतले होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण 27.2 टक्के झालं. आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगणारे 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. गावांची तुलना दुसऱ्या गावांशी केलेली नव्हती, आधीची नंतरच्याशी केली होती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाचं असं छातीठोक म्हणता येणार नाही. तरी चारावरून सत्तावीस हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

त्याच काळात मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात 'प्राइम' नावाचा पाच देशांतला प्रकल्प चालू होता. तिथे भर आरोग्य केंद्रावर होता: डॉक्टरांना शिकवलं, केंद्रात समुपदेशक बसवले, गोळ्यांची सोय पाहिली. जे आले त्यांना उपचार मिळाले. पण पूर्ण लोकसंख्येत पाहिलं तर उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण काही वाढलं नाही. मला या दोन कथांतून एकच गोष्ट दिसते. केंद्रात खुर्ची मांडली म्हणून लोक येत नाहीत; अंगणातून कोणीतरी बोट धरून आणावं लागतं.

नाशिकच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या डॉ. सौमित्र पठारे यांच्या संस्थेनं चालवलेल्या 'आत्मीयता'नं आणखी एक पाऊल टाकलं. तिथले गावमित्र ऐकून तर घेतच, शिवाय निराधार पेन्शन, रेशन कार्ड, रोजगार हमी अशा योजनांचे कागदही करून देत. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्याच्या डोक्यावर सावकार बसलाय त्याला नुसतं दीर्घ श्वास घ्यायला सांगणं ही थट्टा आहे. आणि उलट, कर्जमाफीनं नैराश्याचा आजार बरा होतो असंही नाही. आजारी माणूस माफीचा अर्ज भरायलाही उठत नाही.

राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला. त्यात अकोला, अमरावती दोन्ही होते. आशांनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन ताणाची लक्षणं विचारायची, गरज असेल त्याला प्राथमिक केंद्राकडे आणि पुढे जिल्ह्याला पाठवायचं, अशी ती रचना. कल्पना बरोबर होती. नंतर आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही मानसिक आरोग्य आलं. म्हणजे आज बार्शीटाकळीत या कामासाठी नवं पद, नवी इमारत, नवी योजना लागत नाही.

गाडं अडतं ते दुसऱ्या महिन्यात

पहिली भेट होते. आशा आणते, डॉक्टर तपासतात, गोळी मिळते. दुसऱ्या महिन्यात ती गोळी केंद्रात संपलेली असते. बाहेरून घ्यायची तर पैसे, आणि मेडिकलवाला मोठ्यानं विचारणार, "ही कायची गोळी हाये?" किंवा शिकून तयार झालेल्या डॉक्टरची बदली झालेली असते आणि नवे साहेब बाँडची मुदत मोजत असतात. किंवा जून उजाडतो, पेरणी लागते आणि बाई येतच नाही. बीपीच्या रुग्णाची गाठ चुकली तर निदान कोणीतरी यादी बघतं. मनाच्या रुग्णाची अशी यादी ठेवली नाही, तर ती नाहीशी झाल्याचं कळतसुद्धा नाही. मानसिक आरोग्य प्राथमिक सेवेत जोडणं म्हणजे नेमकं काय, असं विचाराल तर माझं उत्तर हेच: बीपी-शुगरच्या रजिस्टरात आणखी एक रकाना, तीच आशा, तोच वार, तीच दरमहाची गोळी. वेगळा दिवस आणि वेगळी खोली केली की तिथे जाणाऱ्यावर शिक्का बसतो. बीपीच्या रांगेत उभी राहिलेली बाई कशासाठी आली, ते कोणाला कळत नाही.

शिवाय ऐकणाऱ्या माणसाला स्वतःही कोणाशी तरी बोलावं लागतं. गावातल्या चार घरांची दुःखं पोटात घालून आशाताई संध्याकाळी स्वतःच्या घरी जाते. महिन्यातून एकदा तिच्यासोबत बसून "कोणाचं अवघड जातंय?" असं विचारणारा डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. विश्रामसारख्या प्रकल्पांत तो असतो. प्रकल्प संपतो, तेव्हा सगळ्यांत आधी जातो तोही हाच.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी सरपंच असेल, कोणी रुग्ण कल्याण समितीवर असेल, बाकीच्यांना ग्रामसभा आहेच. पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या केंद्रात नैराश्यावरची गोळी गेल्या तीन महिन्यांत किती दिवस नव्हती? मानसोपचाराचे डॉक्टर तालुक्याला कोणत्या वारी येतात, आणि त्या वारी खरंच आले का? उपचार सुरू झालेल्यांपैकी किती जण तिसऱ्या महिन्यात परत आले? नावं विचारू नका, फक्त आकडे विचारा. मिळतील ते वहीत लिहून घ्या आणि त्याच्या पुढच्या सभेला पुन्हा विचारा.